काकूंच्या फ्रिजचं ‘रेडिएशन’ आणि बोर्डात दुमडलेली हिरवी वायर

मागच्या उन्हाळ्यात परभणीच्या आमच्या काकूंनी फ्रिज बंद करून ठेवला. मे महिना, बाहेर पारा बेचाळीसच्या वर आणि घरात दूध नासतंय. कारण काय, तर व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला एक मेसेज. तो तुमच्याकडेही आला असेल. थोडक्यात सांगतो: फ्रिज, इंडक्शन, मायक्रोवेव्ह, वायफाय, नवा स्मार्ट मीटर ही सगळी ‘ईएमएफ रेडिएशन’ (ईएमएफ म्हणजे विद्युत-चुंबकीय क्षेत्र) सोडतात. जागतिक आरोग्य संघटनेनेच त्याला कॅन्सरकारक म्हटलंय. ज्यांचं डोकं दुखतं, झोप लागत नाही, अंगाला झिणझिण्या येतात ते ‘इलेक्ट्रोसेन्सिटिव्ह’. खात्री करायची तर मोबाइलमध्ये अ‍ॅप टाकून स्वतः मोजा. आणि मग ‘लो ईएमएफ’ वस्तू घ्या, ते परवडत नसेल तर निदान आमची रेडिएशन अडवणारी चिप मोबाइलला चिकटवा.

माझं नांदेडला मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. दिवस जातो तो तांब्याच्या तारांत आणि चालू मोटरींच्या शेजारीच. मेसेजमधलं सगळंच खोटं आहे असं मी म्हणणार नाही. पण जे खरं आहे ते भलत्याच जागी नेऊन जोडलंय.

आधी ते अ‍ॅप, कारण माणसं फसतात ती तिथेच. डोळ्यांसमोर आकडा दिसला की पटतं. काकूंनी मला स्क्रीनशॉट पाठवला होता: फ्रिजजवळ ४३ मायक्रोटेस्ला (चुंबकीय क्षेत्र मोजायचं माप), आकड्याभोवती लाल गोल. “बघ, काय सोडतोय हा मेला!” मी गेलो तेव्हा त्यांचाच मोबाइल घेऊन अंगणातल्या कडुनिंबाखाली उभा राहिलो. ४२. संध्याकाळी काकांच्या शेतात गेलो. जवळपास खांब नाही, तार नाही, नुसतं नांगरून पडलेलं काळं रान. तिथेही ४२. काकू म्हणाल्या, “म्हणजे रानातबी आलं का ते?”

ते रानात आधीपासूनच होतं. मोबाइलमध्ये दिशा दाखवण्यासाठी होकायंत्राचा सेन्सर असतो आणि हे अ‍ॅप त्याचाच आकडा दाखवतं. आपल्या भागात पृथ्वीचं स्वतःचं चुंबकीय क्षेत्र चाळीस मायक्रोटेस्लाच्या जरा वर आहे. मोबाइल फ्रिजच्या दाराला टेकवला तर आकडा उडी मारतो, कारण दाराच्या रबरात चुंबकपट्टी असते. घरातली वीज सेकंदाला १०० वेळा दिशा बदलते. तिचं क्षेत्र नीट मोजायला वेगळं मीटर लागतं, होकायंत्राचं ते काम नाही.

मग खऱ्या मीटरने मोजलं तर फ्रिज किती ‘सोडतो’? जागतिक आरोग्य संघटनेने प्रसिद्ध केलेल्या तक्त्यात हे आकडे आहेत. फ्रिजचं क्षेत्र ३ सेंटिमीटरवर ०.५ ते १.७ मायक्रोटेस्ला, आणि ३० सेंटिमीटरवर ०.०१ ते ०.२५. मायक्रोवेव्हचं ३ सेंटिमीटरवर ७३ ते २००, पण एक मीटरवर गेलं की ०.२५ ते ०.६. दाढीच्या विजेच्या मशीनचं ३ सेंटिमीटरवर १५ ते १५००. घरातल्या विजेसाठी सर्वसामान्यांची आंतरराष्ट्रीय मर्यादा २०१० पासून २०० मायक्रोटेस्ला आहे, त्याआधी ती १०० होती. म्हणजे मेसेजने ज्याला खलनायक केलं तो फ्रिज या यादीत जवळजवळ तळाला. आणि दाढीचं मशीन, जे काका रोज गालाला लावतात, त्याचं मेसेजमध्ये नावही नाही.

याच आकड्यांत ‘लो ईएमएफ’ खरेदीचंही उत्तर आहे. हातभर मागे सरकलं की क्षेत्र झपाट्याने उतरतं. ज्याला काळजी वाटते त्याने पलंगाच्या उशालगत इन्व्हर्टर ठेवू नये, चार्जर उशीखाली नको, मायक्रोवेव्ह लावला की त्याला नाक लावून उभं राहू नये. झालं, खर्च शून्य. दुकानात ‘लो ईएमएफ’ म्हणून कुणी दुप्पट भाव सांगितला तर एवढंच विचारा: किती मायक्रोटेस्ला, किती अंतरावर, मोजलं कुणी? घरगुती उपकरणांचं क्षेत्र कसं मोजायचं याचं आंतरराष्ट्रीय मानक आहे, आयईसी ६२२३३. त्यानुसार केलेल्या चाचणीचा कागद दाखवला तर पुढचं बोलू. फ्रिजवरचे तारे विजेच्या बचतीचे असतात, त्यांचा या क्षेत्राशी संबंध नाही.

आता कॅन्सर. इथे मेसेजने अर्धं वाक्य उचललंय. आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००२ साली विजेच्या चुंबकीय क्षेत्राला आणि २०११ साली मोबाइलसारख्या रेडिओलहरींना ‘२बी’ गटात टाकलं, हे खरं. त्या गटाचा अर्थ ‘कदाचित कारण असू शकेल, पुरावा मर्यादित’ असा आहे. त्याच गटात पूर्व आशियाई पद्धतीच्या खारवलेल्या भाज्याही आहेत (आपलं कैरीचं लोणचं नव्हे, बरणी फेकू नका). २००२ च्या निर्णयामागे एक खरी नोंद होती: ज्या घरांत सरासरी क्षेत्र सतत ०.३ ते ०.४ मायक्रोटेस्लाच्या वर असतं, तिथल्या मुलांत रक्ताच्या कर्करोगाचं प्रमाण जवळपास दुप्पट दिसलं. ते विजेमुळेच, हे सिद्ध झालेलं नाही. पण ही गोष्ट मी लपवणार नाही, कारण लपवलं की पुढचा मेसेज त्यावरच येतो.

इलेक्ट्रोसेन्सिटिव्ह माणसांबद्दल मात्र मेसेजचं पाप वेगळं आहे. या लोकांचा त्रास खरा असतो. जागतिक आरोग्य संघटनेने २००५ मध्येच लिहून ठेवलंय की लक्षणं खरी आहेत, काहींचं जगणं अवघड होतं, पण ती या क्षेत्रामुळे होतात असं म्हणायला शास्त्रीय आधार नाही. हे ठरलं कसं? अशा माणसांना बसवून यंत्र कधी चालू, कधी बंद ठेवलं. कधी काय आहे ते त्यांनाही माहीत नाही आणि विचारणाऱ्यालाही नाही. २०१० मध्ये अशा ४६ प्रयोगांचा, मिळून ११७५ जणांचा, आढावा घेतला गेला. चालू-बंद ओळखणं जमतं असा भरवशाचा पुरावा मिळाला नाही. आणि यंत्र बंद असतानाही कित्येकांचं डोकं खरोखर दुखलं. भीतीनेही डोकं दुखतं, आणि ते नाटक नसतं. म्हणूनच असा मेसेज निरुपद्रवी नाही: ज्याला त्रास नव्हता त्यालाही तो त्रास देऊन जातो.

बाकीचं पटकन. स्मार्ट मीटर थोड्या थोड्या वेळाने क्षणभर आकडे पाठवतो. खिशातला मोबाइल त्याहून जास्त बडबडतो. मीटरच्या बिलावर भांडायचं असेल तर जरूर भांडा, ते भांडण वेगळं. इंडक्शनचं क्षेत्र भांड्याच्या तळातल्या लोखंडाला तापवतं, अन्नात काही मागे राहत नाही. भांडं वर्तुळ झाकेल एवढं आणि बरोबर मधोमध ठेवा. एकच अपवाद सांगतो: घरात कुणाला पेसमेकर असेल तर चालू इंडक्शनपासून दोन फूट लांब राहावं आणि डॉक्टरांना विचारावं. आणि चिप? २०२० मध्ये शेणाची चिपही निघाली होती. शेकडो शास्त्रज्ञांनी पुरावा मागितला होता. चिकटवलेल्या तुकड्याने मोबाइलच्या लहरी खरंच अडल्या असत्या तर रेंजच गेली असती.

हे सगळं काकूंनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, “डोक्याचं सोड रे. पण फ्रिजच्या दाराला हात लावला की झिणझिण्या येतात बघ. हे तरी खरं का न्हाई?”

मी हात लावला. मला काही नाही. पायात चप्पल होती. काकू अनवाणी, फरशी नुकतीच पुसलेली. खिशातला टेस्टर काढून दाराच्या स्क्रूला टेकवला तर त्यातला दिवा मिणमिणला. बोर्ड उघडला. थ्री-पिनचं वरचं मोठं भोक रिकामंच. आत हिरवी वायर दुमडून, वर काळी टेप गुंडाळून ठेवलेली. घर बांधलं तेव्हा वायरमनने वायर ओढली खरी, पण अंगणात अर्थिंग गाडलंच नाही. तिचं दुसरं टोक कुठेच नव्हतं.

मोटरीतून थोडीशी वीज पत्र्यावर झिरपते. तिने हिरव्या वायरीतून जमिनीत जायचं असतं. वायर नसेल तर ती काकूंमधून जाते. मेसेज ज्याला ‘इलेक्ट्रोसेन्सिटिव्ह’ म्हणाला, ते काकूंच्या बाबतीत हे होतं. आज मुंग्या, उद्या मोटरीचं इन्शुलेशन गेलं की झटका. शेजारी कूलर उभा होता: लोखंडी पत्रा, तळाला पाणी, पाण्यात पंप. मराठवाड्यात दर उन्हाळ्यात कूलरच्या शॉकने माणसं जातात. रेडिएशनच्या भीतीने बंद केला कोण, तर फ्रिज.

दुसऱ्या दिवशी अंगणात खड्डा घेतला, पाइप उभा केला, कोळसा-मीठ भरलं. मेन बोर्डात ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी (वीज कुठे गळाली की क्षणात पुरवठा तोडणारा स्विच) बसवली. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, कोरडी पडली की अर्थिंगचा जोर जातो. म्हणून काकांना सांगितलं, त्या पाइपात आठवड्याला एक बादली पाणी. काका म्हणाले, “झाडाला न्हाई, अन् हिला पाणी!”

स्वयंपाकघरातला एक स्वस्त बल्बही बदलला. मोबाइलच्या कॅमेऱ्यातून पाहिला तर पट्टे पळत होते. दिव्याच्या अशा लुकलुकीने डोळे आणि डोकं दुखतं याला चांगला पुरावा आहे. १९८९ मध्ये लंडनच्या एका कार्यालयात ट्यूबच्या चोकची जात बदलल्यावर कर्मचाऱ्यांच्या डोकेदुखीचं प्रमाण निम्म्याहून खाली आलं होतं. न्हाणीघराच्या खिडकीत कोंबलेली पिशवीही काढायला लावली. आत गॅस गिझर आहे, आणि बंद खोलीत त्याच्या न दिसणाऱ्या विषारी वायूने डोकं दुखणं ही विषबाधेची पहिली खूण असते.

झिणझिण्या गेल्या. डोकं अजून अधूनमधून दुखतं. डॉक्टरांकडे जायला काकू आत्ता कुठे तयार झाल्यात. रात्री वायफाय बंद करतात, मी काही बोलत नाही. फ्रिज चालू आहे. परवा फोन केला तर मागून कूलरमध्ये पाणी ओतल्याचा आवाज येत होता.

“काकू, पिन काढली का?”

“थांब की माय, काढते.”