पितळ, जस्त आणि वॉरंटी

पुण्यातील माझ्या छायाचित्रकार मित्रांची सध्या एकच तक्रार असते: कॅमेऱ्याची किंमत लाखांत गेली, पण हातात येते ते प्लॅस्टिक, आणि वर ‘मेड इन थायलंड’चा शिक्का. लायका या जर्मन कॅमेरा कंपनीचे गाव वेट्झलार जिथून रेल्वेने तासाभरावर आहे, त्या फ्रँकफर्टमध्ये राहून मला ही तक्रार अर्धीच पटते.

शिक्क्याचा मुद्दा तर मुळीच पटत नाही. चाकणला जर्मन मोटारी तयार होतात याचा अभिमान बाळगणाऱ्यांनी थायलंडच्या नावाने नाक मुरडावे, ही गंमतच आहे. अस्सल जर्मन लायका एम६ हा कॅमेरा १९८४ मध्ये आला, तेव्हा त्याचे वरचे झाकण पारंपरिक पितळेऐवजी ओतीव जस्ताचे होते. जुन्या एम६च्या काही नगांवर आज मुलाम्याखाली बारीक फोड आलेले दिसतात. ते आतल्या जस्ताच्या गंजाचे असतात आणि कितीही पुसले तरी जात नाहीत. २०२२ मध्ये हाच कॅमेरा पुन्हा काढताना कंपनीने झाकण पितळेचे केले. २००९ च्या एम९मध्ये तर प्रकाश टिपणाऱ्या सेन्सरवरची संरक्षक काचच गंजू लागली, आणि तोही जर्मनीतच तयार झाला होता.

आजच्या काटकसरीचे कारण बाजाराच्या आकारात आहे. जपानी उत्पादकांच्या संघटनेच्या आकडेवारीनुसार २०१० मध्ये सुमारे १२ कोटी डिजिटल कॅमेरे बाजारात गेले होते. २०२३ मध्ये ते ८० लाखांच्याही आत आले. संशोधनाचा आणि साच्यांचा खर्च इतक्या थोड्या नगांवर वाटायचा म्हटल्यावर किंमत चढणार आणि ग्राहकाला चटकन न दिसणाऱ्या जागी हात आखडता घेतला जाणार, हे उघड आहे. म्हणून बॉडी प्लॅस्टिकची की धातूची यापेक्षा, दोष निघाल्यावर तो कोणाच्या माथी बसतो, हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो. निकॉनच्या २०१२ च्या डी६००मध्ये सेन्सरवर ठिपके उमटू लागले, तेव्हा बऱ्याच टीकेनंतर का होईना, २०१४ मध्ये वॉरंटी संपलेल्या कॅमेऱ्यांचेही शटर फुकट बदलून देण्याचे कंपनीने जाहीर केले.

इथे जर्मनीत नव्या वस्तूतील मूळ दोषासाठी विक्रेता दोन वर्षे कायद्याने बांधलेला असतो, आणि पहिल्या वर्षात दोष मुळात नव्हता हे त्यालाच सिद्ध करावे लागते. पुण्यात मात्र प्लॅस्टिकवर तासभर वाद घालणारा माणूस काही हजार वाचवण्यासाठी ग्रे मार्केटमधून, म्हणजे अधिकृत विक्रेत्याला टाळून, बिलाशिवाय कॅमेरा घेतो आणि दाद मागण्याचा मुख्य आधारच गमावून बसतो.

अर्थात दोन वर्षांनंतर इथेही फारसे वेगळे चित्र नाही. युरोपीय संघाने २०२४ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचा कायदा केला. त्याच्या यादीत वॉशिंग मशीन आहे, मोबाइल आहे, व्हॅक्यूम क्लीनरसुद्धा आहे, पण कॅमेरा नाही.