राखेखालचा विस्तव

मार्च उजाडला की भंडारा जिल्ह्यातल्या आमच्या गावाच्या व्हॉट्सॲप गटावर दरवर्षीचा वाद सुरू होतो: जंगल मोहफुले वेचणाऱ्यांनी पेटवले, की वनखात्याने जाळरेषा, म्हणजे आग अडावी म्हणून आधीच मोकळे केलेले पट्टे, वेळेवर काढल्या नाहीत? कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियात बसून तो वाचताना मला सतत वाटते की, आग कोणी लावली यावर आपण तावातावाने भांडतो. ती पुरती विझली होती का, हे मात्र कोणीच विचारत नाही.

इथे तो प्रश्न आधी विचारला जातो. शेकोटी अर्धा मीटर उंच आणि अर्धा मीटर रुंद यापेक्षा मोठी करता येत नाही, शेजारी फावडे किंवा किमान आठ लिटर पाणी ठेवावे लागते, आणि राख हाताला थंड लागल्याशिवाय जागा सोडता येत नाही. एवढी काळजी का, ते २०२३ च्या वणव्यांनंतर मला उमगले. त्या वर्षीच्या कितीतरी आगी जमिनीतल्या कुजट वनस्पतींच्या थरात शिरून बर्फाखाली धुमसत राहिल्या आणि जानेवारी २०२४ मध्येही या प्रांतात अशा नव्वदहून अधिक आगी जिवंत होत्या.

आपल्याकडे तसा थर नाही, हे खरे. पण सागाचा वीतभर पाचोळा आहे, तोडलेल्या झाडांची वाळकी मुळे आहेत, पोकळ झालेले मोहाचे बुंधे आणि बांबूची सुकलेली बेटे आहेत. अशा मुळांमध्ये शिरलेला विस्तव ज्वाळेविना, फारसा धूरही न करता पुढे सरकतो आणि दोन-चार दिवसांनी, वारा सुटल्यावर, काही हात दूर वर येतो. मग गावाला वाटते की कोणीतरी मुद्दाम पुन्हा आग लावली.

आमच्या घरच्या नवसाच्या रोडग्यांना, म्हणजे गोवऱ्यांच्या विस्तवात भाजलेल्या कणकेच्या गोळ्यांच्या जेवणाला, हेच झाले होते. जंगलाला लागून असलेल्या शेतात, मोहाच्या सावलीत गोवऱ्या पेटवल्या, पंगत उठली आणि निघताना आम्ही उरलेल्या विस्तवावर माती लोटली. तिसऱ्या दिवशी झाडाचे खोड आतून धुमसत होते. माझी आजी रात्री चुलीतले निखारे राखेने झाकून ठेवत असे, ते सकाळी पुन्हा चूल पेटवता यावी म्हणून. विस्तव जपण्याची तीच रीत आम्ही रानात विस्तव विझवण्यासाठी वापरली होती, आणि आजही बहुतेक जण तेच करतात. माती ऊब धरून ठेवते. निखारे पसरावे लागतात, पाणी शिंपडत काठीने ढवळावे लागतात आणि शेवटी हाताची पाठ राखेजवळ नेऊन पाहावे लागते.

इथले नियम उचलून तिकडे लावावेत, असे माझे म्हणणे नाही. एप्रिलमध्ये आठ लिटर पाणी रानात नेणे आपल्याकडे सोपे नाही. म्हणून जागेची निवडच अधिक महत्त्वाची ठरते. नाल्याची रेती किंवा नांगरलेले वावर चालेल, झाडाचा बुंधा आणि पाचोळा नको. शिवाय ब्रिटिश कोलंबियाने १८७४ च्या कायद्याने इथल्या मूळ रहिवाशांच्या जाणत्या, मर्यादित जाळण्यावर बंदी घातली आणि त्यानंतर साचत गेलेल्या काडीकचऱ्याची झळ आज तो सोसतो आहे. त्यामुळे गळलेली फुले दिसावीत म्हणून मोहाखालचा पाचोळा जाळणाऱ्यांना गुन्हेगार ठरवून वाद मिटवणे मला पटत नाही. पाचोळा झाडून बाजूला करणे किंवा झाडाखाली जाळी अंथरणे, यासाठी त्यांना मदत मिळाली पाहिजे.

एप्रिल २०२१ मध्ये आमच्याकडच्या नागझिऱ्याच्या जंगलात वणवा विझवताना तीन वनमजुरांचा जीव गेला. आग लागल्यावर तिच्यापुढे उभी राहतात ती हीच माणसे, आणि विझली असे समजून आपण सोडलेल्या प्रत्येक शेकोटीचे ओझे त्यांच्यावर पडते.

यंदा चैत्रात पुन्हा रोडगे आहेत. गोवऱ्या नांगरलेल्या वावरात रचायच्या, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी परत जाऊन राखेला हात लावून पाहायचा, असे धाकट्या भावाने कबूल केले आहे.