‘दुपारी भट्टी होते’ या रिव्ह्यूबद्दल

नमस्कार साहेब,

उन्हाळ्यात घरच्यांना त्रास झाला, त्याबद्दल दिलगीर आहोत. पण ‘लोखंडी घराच्या नावाखाली पत्र्याचं खुराडं दिलं, दुपारी भट्टी होते, वर पैसे जास्त लावले’ हे वाचून जेवण गेलं नाही. गुहागर-दापोलीकडे आमचं काम ओळखीवर चालायचं. आता लोक फोन करायच्या आधी हेच वाचतात.

भट्टीचं सांगतो. आमच्या कोटेशनमध्ये छताला ५० मिमीचं पफ पॅनेल होतं. दोन पत्र्यांमधला फोम ऊन अडवतो, पावसाचा आवाजही कमी करतो. ती ओळ तुम्ही स्वतः पेनाने खोडलीत आणि बाजूला ‘साधा कलर कोटेड पत्रा चालेल, फणसाची सावली आहे’ असं लिहून सही केलीत. कागद आमच्या फाइलला आहे. फणस होता, खरंय. पण गाडीच्या शेडसाठी तो कोणी तोडला? तेव्हाही म्हटलं होतं, साहेब, आता निदान ग्लासवूल, म्हणजे ऊन अडवणारा काचतंतूंचा थर, टाकून सीलिंग करून घ्या. ‘बघू’ म्हणालात.

पैशांचं म्हणाल तर ‘जोत्याचं काम आणि १८ टक्के जीएसटी वेगळा’ हे कोटेशनच्या पहिल्याच पानावर होतं. लोखंडी घर निम्म्या खर्चात होतं, असं आम्ही कुणालाच सांगत नाही. जोतं, संडास-बाथरूम, फरशी, वायरिंग यांना पैसे लागतातच. वाचतो तो वेळ. स्लॅब नाही, पाणी मारत बसणं नाही, म्हणून तर गेल्या वर्षी पावसाच्या आत राहायला गेलात. सांगाड्याला वाळवी लागायची नाही. खाऱ्या हवेत गंज धरतो, रंग वेळेवर द्यावा लागतो, हेही आधीच बोललो होतो. खांब गॅल्व्हनाइज्ड, म्हणजे गंजू नये म्हणून जस्ताचा थर दिलेले, घेतले ते आमच्या हट्टाने, आणि त्यातला फरक आम्ही सोसला. रिव्ह्यूत त्याचा एक शब्द नाही, असो.

पुढे कोटेशन आणखी सोपं करायचं बघतो. गणपती झाले की छताच्या स्क्रूंचे रबर वॉशर तपासायला माणूस पाठवतो, त्याचे पैसे नकोत. सीलिंग करायचं असेल तर तो तेव्हाच माप घेईल. ग्लासवूलचे मात्र पैसे पडतील, ते आत्ताच सांगून ठेवतो.