नळीत अडकलेला प्रायमर ढकलायचा नाही : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. २० वर्षं स्वतःची काडतुसं भरणाऱ्या माणसाला घाईघाईत उत्तर देणं बरं नव्हे, म्हणून चार दिवस घेतले. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. प्रायमर म्हणजे काडतुसाच्या बुडात बसणारी, ठोक्याने पेटणारी छोटी टिकली; काडतुसं भरायच्या यंत्रात, म्हणजे प्रेसमध्ये, ती उभ्या नळीतून एकेक करून खाली येते, तो प्रायमर फीड. तुमचं म्हणणं असं : प्रायमर फीडवरचा माझा लेख लोकांना उगाच घाबरवतो. नळीत प्रायमर अडकला तर वरून पितळी सळई दाबायची, मोकळा होतो. सरकपट्टीला, म्हणजे नळीखालचा प्रायमर पुढे नेणाऱ्या पट्टीला, दोन थेंब तेल सोडलं की वर्षभर बघावं लागत नाही. प्रेस अडण्याचं खरं कारण मला सापडलेलंच नाही. आणि महाराष्ट्रात हे कोणी करत नसताना मराठीत लिहून उपयोग काय, असं तुमचं म्हणणं आहे.

कारणाचं आधी घेतो, कारण तिथे तुमचं बरोबर आहे. मी ‘प्रेस अडली’ एवढंच लिहून मोकळा झालो होतो. प्रायमर नळीतून खाली न येणं आणि खाली आलेला प्रायमर पुंगळीत (काडतुसाच्या रिकाम्या पितळी कवचात) न बसणं ही दोन वेगळी दुखणी आहेत. डिलन ५५० ही प्रेस घ्या. हँडल खाली ओढलं की सरकपट्टी मागे जाऊन नळीखाली एक प्रायमर घेते, हँडल वर येताना तो पुंगळीखाली आणते, आणि हँडल पुढे रेटलं की तो बुडाच्या खळग्यात बसतो. या शेवटच्या रेट्यालाच हाताला अडथळा लागला तर नळी खोलून काही मिळणार नाही. पुंगळी तपासायची. लष्करी पुंगळीत खळग्याची कड आत दाबलेली असते, ती आधी काढावी लागते. आणि तुम्ही लिहिलेला .४५ एसीपी या पिस्तुलाच्या काडतुसाचा मुद्दा तर माझ्या लेखात यायलाच हवा होता. ही पुंगळी मोठ्या आणि लहान अशा दोन्ही प्रायमरची मिळते. मोठ्याचा व्यास ०.२१० इंच, लहानाचा ०.१७५. मोठ्यासाठी लावलेल्या प्रेसवर लहान खळग्याची एक पुंगळी आली की हँडल दगडासारखं थांबतं. रेंजवरून उचललेल्या पुंगळ्या बुडं वर करून ट्रेमध्ये मांडल्या, तर लहान टिकली लगेच डोळ्यात भरते.

पण सळईचं मला मान्य नाही, आणि ते ठामपणे सांगणं माझं काम आहे.

नळीत १०० प्रायमर एकावर एक रचलेले असतात. प्रत्येकात लेड स्टिफनेटवर आधारलेलं मिश्रण असतं, आणि ते ठोक्याने, घर्षणाने, ठिणगीने पेटावं म्हणूनच बनवलेलं असतं. लहानपणी दिवाळीत टिकल्यांची अख्खी गुंडाळी दगडावर ठेवून वरून दुसरा दगड हाणला नाही असा मुलगा विरळा. एक पेटली की बाकीच्या वाट बघत नाहीत. नळीत तेच होतं, फक्त इथला माल टिकलीच्या कितीतरी पट जोराचा असतो. नळीभोवती जाड धातूचं कवच असतं, पण ते स्फोट थांबवत नाही, त्याला वरची वाट करून देतं. सळई धरलेला हात आणि वाकून बघणारा चेहरा नेमके त्याच वाटेवर असतात. २० वर्षांत काही झालं नाही, याचा मला खरोखर आनंद आहे. पण त्यावरून सळई निर्धोक ठरत नाही.

गेल्या हिवाळ्यातलं माझं सांगतो. इथे ह्यूस्टनजवळ घराच्या गॅरेजमध्ये ९ मिमी भरत होतो. दोन पुंगळ्या प्रायमरशिवाय निघाल्या, तिसरीत प्रायमर आडवा बसला. थांबलो. चष्मा डोळ्यांवर होताच. नळीवर वाकायचं नाही हे लक्षात ठेवून बाजूने टोपण सोडवलं आणि नळी सरळ वर उचलून घेतली. उरलेले प्रायमर ट्रेमध्ये काढले, मोजून परत मूळ डबीत ठेवले. मग नळीचं प्लॅस्टिकचं टोक भिंगाखाली धरलं. खालचा प्रायमर जे बारीक पाकळ्यांसारखे दात धरून ठेवतात, त्यातला एक बाहेर वाकला होता. वाकला म्हणजे केसाइतका, नुसत्या डोळ्यांना दिसलाही नसता. तेवढ्याने प्रायमर तिरका होऊन उतरत होता. नवं टोक लावायला पाच मिनिटंही लागली नाहीत. त्या दिवशी सळई दाबली असती तर तिरक्या प्रायमरवर वरचे सगळे रेटले असते.

प्रायमर नळीतच घट्ट रुतला आणि उलटी केल्यावरही येत नसेल, तर ती नळी बाजूला ठेवून प्रेस बनवणाऱ्यांना फोन करायचा. पाण्यात बुडवला म्हणजे तो मेला असंही धरू नका, वाळल्यावर पेटू शकतो.

आता तेल. प्रेसच्या मुख्य दांड्याला वंगण लागतंच, त्याबद्दल वाद नाही. सरकपट्टी मात्र मी कोरडी ठेवतो. जुने प्रायमर काढताना काळी राख पडते, वरून पावडरचे दोन-चार दाणे सांडतात. तेल असलं की त्यांची खळ होते, पट्टी पूर्ण मागे जात नाही आणि प्रायमर घेणारा तिचा कप नळीच्या टोकाखाली नीट येत नाही. हेच तेल प्रायमरपर्यंत पोचलं तर तो दगा देण्याची भीती वेगळीच. प्रेसवर एकही प्रायमर नसताना पट्टी काढायची, अल्कोहोलच्या ओल्या फडक्याने तिचं बूड आणि खालची खाच पुसायची, वाळू द्यायची. राखेत शिसं असतं. ती फुंकायची नाही, व्हॅक्यूम लावायचा नाही, नंतर हात साबणाने धुवायचे. एवढ्याला चहा उकळायला लागतो तितकाच वेळ जातो.

बसवलेल्या प्रत्येक प्रायमरवरून बोट फिरवायची सवय तुम्हालाही असणार. तो बुडापेक्षा किंचित आत हवा. शंका आली तर काडतूस काचेवर उभं करावं, वर राहिलेला प्रायमर असेल तर ते डुलतं.

राहिलं मराठीचं. भारतात परवान्याशिवाय काडतुसं बनवता येत नाहीत, शस्त्र कायदा १९५९ चं कलम ५ स्पष्ट आहे, आणि हा लेख वाचून तिकडे कोणी प्रयत्न करू नये. स्वप्निल कुसळेने २०२४ मध्ये पॅरिसला कांस्य मिळवल्यापासून मला कोल्हापूरहूनही विचारणा होते, त्यांनाही हेच सांगतो. शिवाय त्याची .२२ ची काडतुसं रिमफायर असतात. त्यांना वेगळा प्रायमरच नसतो, मिश्रण पुंगळीच्या कडेत भरलेलं असतं, त्यामुळे ती पुन्हा भरण्याचा प्रश्नच येत नाही. मी लिहितो ते इथल्या मराठी माणसांसाठी. इंग्रजी पुस्तिका ती वाचतातच. पण ‘हँडल अडलं तर जोर लावू नकोस’ हे वाक्य आपल्या भाषेत ऐकलेलं असलं तर हात लवकर थांबतो, हा माझा अनुभव आहे.

.४५ चा परिच्छेद मूळ लेखात आजच घातला आहे, तुमचा उल्लेख करून. एक विनंती आहे. तुमच्या नळीचं टोक काढून एकदा भिंगाखाली बघा आणि दात कसे दिसतात ते इथे कळवा. सळई दाबावी लागते आहे म्हणजे तिथे काहीतरी झिजलं आहे, असा माझा दाट संशय आहे.