२३०० वर्षांचा ठेंगा

माझ्याकडे एक अंगठा आहे. स्वतःचे दोन आहेतच, ते सोडून. मातीचा, भाजलेला, विटकरी रंगाचा, बुडाशी तुटलेला. लिलावाच्या कॅटलॉगच्या म्हणण्याप्रमाणे तो इट्रुस्कन, म्हणजे मध्य इटलीतल्या एका प्राचीन संस्कृतीचा आहे आणि इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकातला आहे. बायकोच्या म्हणण्याप्रमाणे तो ठेंगा आहे. फुकट ठेंगा दाखवणारे जगात इतके लोक पडलेले असताना पैसे मोजून तो परदेशातून मागवणारा मी पहिलाच, असंही ती म्हणते.

खरं सांगायचं तर मला अंगठा नकोच होता. मला दिवा हवा होता. रोमन, मातीचा, तेलाचा, तळहातावर मावेल एवढा. साच्यातून काढलेली दोन अर्धुकं एकमेकांना चिकटवलेली, वर तेल ओतायला भोक, पुढे वातीसाठी चोच आणि मधल्या चकतीवर पळणारा ससा. ऑनलाइन लिलावात त्याचा लॉट, म्हणजे वस्तूचा क्रमांक, १४२ होता. अंगठा लॉट १४३. आणि या दोन आकड्यांच्या मध्ये आमच्या घरचं इंटरनेट वीस सेकंद गेलं होतं.

पण आधी तयारीबद्दल सांगितलं पाहिजे, कारण ती मी तीन आठवडे केली. तयारी म्हणजे कॅटलॉग वाचणं. सुरुवातीला मला उशब्ती हवी होती. इजिप्शियन माणसाबरोबर थडग्यात ठेवायच्या त्या चिमुकल्या बाहुल्या. परलोकात शेतीच्या कामाची हाक आली की मालकाच्या वतीने 'हजर' म्हणायचं, हे त्यांचं काम. पुढच्या काळात पूर्ण संच ४०१ चा असे: वर्षाच्या प्रत्येक दिवसाला एक असे ३६५ मजूर आणि दर दहांमागे एक याप्रमाणे ३६ मुकादम. मेल्यावरही मुकादमाशिवाय काम होत नाही हे त्या लोकांना माहीत होतं, म्हणून मला त्यांच्याबद्दल फार आदर वाटला. मग मी किंमत पाहिली आणि आदर लांबूनच ठेवायचं ठरवलं.

कॅटलॉगची भाषा शिकायला वेळ लागतो. 'रोमन दिवा' म्हणजे रोमन दिवा. 'रोमन शैलीतील दिवा' म्हणजे दिवा आहे, रोमनचं तुमचं तुम्ही बघा. सगळ्यात धोकादायक शब्द दोन: 'किंवा नंतरचा'. 'पहिले शतक किंवा नंतरचा' असं छापलं की लिलावगृह मोकळं. कारण गेला मंगळवारही 'नंतर'मध्येच येतो. यावर हसू नका, मोठ्या घरचे वासेही पोकळच असतात. गेटी संग्रहालयाने १९८५ साली संगमरवरी तरुणाचा एक उभा पुतळा विकत घेतला. तो खरा की खोटा यावर तज्ज्ञांचं काही केल्या एकमत होईना, तेव्हा त्यांनी पाटी लावली: 'ग्रीक, सुमारे इ. स. पू. ५३०, किंवा आधुनिक बनावट'. अडीच हजार वर्षांचं अंतर एका स्वल्पविरामात मिटवलं! माझ्या पगारपत्रकावर इतकी सोय कुणी कधी दिली नाही.

तर लिलावाची रात्र. ज्यांनी हा प्रकार पाहिलेला नाही त्यांना वाटतं, भरजरी दालन असेल, शांतता असेल, एखादा राजबिंडा माणूस एकेका वस्तूसमोर थबकत असेल. प्रत्यक्षात हातोडेवाल्या गृहस्थांना तासाला ऐंशी-शंभर लॉट उडवायचे असतात. पाऊण मिनिटाला एक संस्कृती. घसा खाकरेपर्यंत इजिप्त संपतं, चष्मा पुसेपर्यंत ग्रीस हातचं जातं. मी लॉट १३० पासून बोट बटणावर टेकवून बसलो होतो. १४२ आला. ससा दिसला. आणि पडद्यावर ते गोल गोल फिरणारं चक्र आलं.

वीस सेकंदांनी चित्र परतलं तेव्हा गृहस्थ हातोडा उचलून म्हणत होते, "शेवटची संधी." मी बटण दाबलं. हातोडा पडला. 'अभिनंदन!' अशी पाटी झळकली. खाली लिहिलं होतं, लॉट १४३.

संपूर्ण जगातून त्या अंगठ्यावर एकच बोली आली होती. ती माझी.

अशा वेळी माणूस इतिहासात सोबती शोधतो, आणि मला तो सापडला. रोमन सम्राट कॅलिगुला खेळ झाल्यावर उरलेल्या ग्लॅडिएटरांचा लिलाव करायचा, स्वतः बसून. ॲपोनियस सॅटर्निनस नावाचा एक बडा अधिकारी बाकावर बसल्या बसल्या पेंगत होता. सम्राटाने लिलाववाल्याला सांगितलं, ते गृहस्थ सारखी मान डोलावताहेत, तिकडे लक्ष असू दे. सॅटर्निनस जागा झाला तेव्हा त्याच्या नावावर १३ ग्लॅडिएटर लागले होते, ९० लाख सेस्टर्सना, म्हणजे रोमन नाण्यांना. ही हकिगत मी बायकोला सांत्वनासाठी ऐकवली. म्हणजे माझ्या. तिने शांतपणे विचारलं, "त्याची निदान पूर्ण माणसं तरी होती ना?"

बोली रद्द करता येते का ते पाहायला मी अटी-शर्ती उघडल्या. चौदा पानं होती. चौदाही पानांचा सारांश 'नाही' असा होता. इथेही रोमनांनी वाट घालून ठेवली आहे. इसवी सन १९३ च्या मार्चमध्ये सम्राटाचा खून करून त्याच्याच रक्षकांनी गादीचा लिलाव मांडला, आणि डिडियस ज्युलियनसने दर सैनिकामागे २५,००० सेस्टर्स बोलून अख्खं साम्राज्य घेतलं. माल परत घेण्याची सोय तिथेही नव्हती. ६६ दिवसांनी त्याला ठार मारलं. त्या मानाने माझं बरंच बरं म्हणायचं.

मग बिल आलं. लिलावात आपण जे ओरडतो ती किंमत नसते, ती प्रस्तावना असते. तिच्यावर खरेदीदाराचं कमिशन लागतं. हे शुभकार्य लंडनच्या दोन बड्या लिलावगृहांनी १९७५ साली सुरू केलं, तेव्हा ते १० टक्के होतं. आता २५ आणि त्याहूनही वर सर्रास असतं. विकणाऱ्याकडून कमिशन घेतातच. म्हणजे वस्तू एक, व्यवहार एक, आणि मधला माणूस दोन्हीकडून पाहुणा. कमिशनवर कर. मग विमा. मग बांधणी. मग पाठवणी. 'चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला' ही म्हण मी लहानपणापासून ऐकत आलो, पण कोंबडीचा फक्त अंगठा असेल तर मसाला किती, हा हिशेब मला कुणी शिकवला नव्हता.

बिलासोबत आणखी एक कागद होता, पूर्वेतिहासाचा. त्यावर एकच ओळ: 'जुन्या युरोपीय खासगी संग्रहातून, १९७० पूर्वी जमवलेला'. १९७० हे साल या धंद्यात पवित्र आहे. सांस्कृतिक वस्तूंची चोरटी ने-आण थांबवण्यासाठी युनेस्कोचा करार त्या वर्षी १४ नोव्हेंबरला पॅरिसमध्ये मंजूर झाला, आणि तेव्हापासून शहाणा गिऱ्हाईक एकच प्रश्न विचारतो: ही वस्तू त्याआधी कुठे होती? उत्तरंही ठरलेली असतात. कॅटलॉगवर विश्वास ठेवायचा तर १९६९ साली युरोपातले समस्त आजोबा दुसरं काही करतच नव्हते, दिवसरात्र मडकी जमवत होते. तेही कागद न ठेवता.

इथे जरा थट्टा बाजूला. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने १९७२ साली युफ्रोनिऑसने रंगवलेला एक ग्रीक कलश १० लाख डॉलरला घेतला. त्याच्याबरोबरही एक सुबक कहाणी आली होती. प्रत्यक्षात तो आदल्याच वर्षी इटलीतलं एक थडगं फोडून काढलेला होता, आणि २००८ साली तो इटलीला परत गेला. कलश परत गेला, पण फोडलेलं थडगं परत जोडता आलं नाही. कुठल्या थरात काय होतं, शेजारी कोण होतं, ते सगळं फावड्याखाली गेलं. मध्य इटलीत त्या काळी लोक आजार बरा व्हावा म्हणून मातीचे हात, पाय, डोळे, अगदी गर्भाशयंसुद्धा करून देवळात वाहत. वेळोवेळी ते सगळं खड्ड्यात पुरलं जाई. त्या खड्ड्यात माझा अंगठा इतर शे-दोनशे अवयवांच्या शेजारी असताना कुणीतरी सांगू शकलं असतं, इथे हाताचं दुखणं घेऊन किती माणसं येत होती. आता तो टेबलावर एकटा आहे. फक्त अंगठा आहे. हे मला बटण दाबण्याआधी सुचलं असतं तर बरं झालं असतं. पण बटण दाबायच्या आधी मला ससा दिसत होता.

मी लिलावगृहाला मेल केला: ते आजोबा कोण, आणि त्यांचा एखादा कागद आहे का? शिवाय स्थितीच्या रकान्यात 'तुटलेला, एरवी अखंड' असं लिहिलंय, त्याचा अर्थ काय? चार दिवसांनी उत्तर आलं. गोपनीयतेमुळे नाव सांगता येत नाही, आणि तुकडा म्हणून तो अखंड आहे. ब्रिटिश म्युझियममध्ये इसवी सनापूर्वी १७५० च्या सुमाराची एक मातीची पाटी आहे. नन्नी नावाच्या गिऱ्हाइकाने एआ-नासिर या व्यापाऱ्याला त्यात झापलंय: तांबं हलक्या प्रतीचं दाखवलंस, माझ्या माणसाला उर्मटपणे वागवलंस, मला समजतोस कोण? पावणेचार हजार वर्षं ती तक्रार टिकली. माझी मेलच्या कचरापेटीत तीस दिवस टिकणार.

मग कस्टम्सचा फॉर्म. वस्तू नवी की वापरलेली? वापरलेली म्हणावं, तर कुणी आणि कशासाठी? उत्पादकाचं नाव? उत्पादनाचं वर्ष? त्या चौकटीत फक्त चार आकडे मावत होते आणि उणे चिन्ह ती घेत नव्हती. शेवटी मी ०२७५ लिहिलं आणि अंगठा एका फटक्यात साडेपाचशे वर्षांनी तरुण झाला. पलीकडून फोन आला. १०० वर्षांहून जुन्या वस्तूंचं शीर्षक ९७०६, पुरातत्त्वीय वस्तूंचं ९७०५, तुमचं नेमकं कुठलं? मी म्हटलं, अंगठा आहे. बराच वेळ काही आवाज आला नाही. मग पलीकडचा माणूस म्हणाला, "कुणाचा?"

खोकं आलं ते एवढं मोठं की आत उरलेला माणूसही असावा असं क्षणभर वाटलं. कात्री, चिकटपट्टी, फुग्यांचं प्लास्टिक, मग भुसा, मग आणखी एक खोकं, मग कागद, आणि मग तो. आठ वर्षांच्या मुलीने खोक्यात वाकून पाहिलं, कागद झटकून पाहिले. "बाबा, बाकीचं?"

मी ठेवणीतला मुद्दा काढला. म्हटलं, लहान वस्तूंना हसू नये. २००७ साली न्यूयॉर्कमध्ये सुमारे पाच हजार वर्षांपूर्वीची एक सिंहीण लिलावात गेली. आठ सेंटीमीटर उंचीची. पाच लाख नाही, दहा लाख नाही, तब्बल ५ कोटी ७२ लाख डॉलरला! आणि तिचेही पाय गुडघ्याखाली गायब आहेत.

"पण बाकी सिंहीण आहे ना?" बायको म्हणाली.

त्या रात्री मला दुसऱ्याच शंकेने घेरलं. मेट्रोपॉलिटनवाल्यांनी १९१५ ते १९२१ दरम्यान तीन भलेमोठे इट्रुस्कन योद्धे घेतले होते, मातीचे. कित्येक वर्षं लोक त्यांच्यापुढे मान वर करून उभे राहिले. मग झिलईच्या तपासणीत मँगनीज निघालं, जे इट्रुस्कन कारागीर त्या कामी वापरत नसत. आणि १९६१ साली आल्फ्रेडो फिओराव्हांती नावाच्या माणसाने लिहून दिलं की हे आम्ही केलंय. पुरावा? एका योद्ध्याचा हरवलेला अंगठा त्याने आठवण म्हणून जपून ठेवला होता. तो आणून दाखवला.

अंगठा! इट्रुस्कन, मातीचा!

मी उठून दिवा लावला. म्हणजे खरा हवा होता तो नव्हे, विजेचा. भिंग घेऊन पाहिलं. नख फार नीट कोरलेलं होतं. इतकं नीट कोरणारा माणूस खोटाच असणार, असं वाटलं. मग वाटलं, खोटं करणारा एवढी मेहनत अंगठ्यावर का घेईल? तो आख्खा हात करेल. मग वाटलं, आख्खा हात केला असेल आणि अंगठा आठवण म्हणून ठेवला असेल. थर्मोल्युमिनेसन्स नावाची चाचणी असते. माती शेवटची केव्हा भाजली गेली ते तिच्यातून साधारण कळतं. त्यासाठी बारीक भोक पाडून चिमूटभर भुकटी काढावी लागते. तिचं दरपत्रक पाहिलं. त्या पैशात आणखी तीन अंगठे आले असते, आणि माझ्याकडच्या अंगठ्याला भोक पडलं असतं ते वेगळंच.

सकाळी मुलगी टेबलापाशी उभी होती. अंगठा तिच्या हातात. "हात लावू नकोस" हे माझ्या तोंडातून निघेपर्यंत तिने तो उलटा करून मोबाइलचा उजेड आत टाकला होता. हे अवयव पोकळ असतात, साच्यात ओली माती आतून दाबून बसवतात, हे मी वाचलं होतं. पण आत डोकावायचं मला सुचलं नव्हतं.

"बाबा, आत कुणीतरी दाबलंय."

मी पाहिलं. खरंच, पोकळीच्या तळाशी एक लांबट खळगा होता, बारीक रेघांचा. साच्यात माती बसवताना कुणीतरी तिथे आपला अंगठा रेटला होता. मी भिंग आणायला वळलो.

"बसतोय!" ती म्हणाली.

तिने तो मातीचा अंगठा आपल्या अंगठ्यावर टोपणासारखा चढवला होता. थोडा सैल होता, पण बसला होता. तिने मूठ मिटली, हात लांब केला आणि आधी आईला, मग मला, डावीकडून उजवीकडे हलवून दाखवला.