पाण्यात एएफएमचं चित्र अंधुकच येतं?

एएफएम म्हणजे अणुबल सूक्ष्मदर्शक. कॅन्टिलिव्हर या कंप पावणाऱ्या बारीक पट्टीच्या अणकुचीदार टोकाने तो पृष्ठभाग चाचपतो आणि त्यावरून चित्र बनवतो. ‘एएफएमने अणूंइतकं बारीक पाहायचं तर निर्वातच हवा. द्रवात कॅन्टिलिव्हरची कंपनं दबतात, चित्र अंधुक येतं, म्हणून नमुना सुकवूनच घ्या.’ हा सल्ला फार फिरतो आहे. तो ऐकून लोक प्रथिनं वाळवतात आणि जे रूप पाहायचं होतं तेच गमावतात. म्हणून हे लिहितो आहे.

निर्वाताचं म्हणाल तर कॅल्साइटच्या पृष्ठभागाचं खरं अणुपातळीवरचं चित्र ओनेसॉर्ग आणि बिनिंग यांनी १९९३ साली पाण्यातच घेतलं. सिलिकॉनच्या पृष्ठभागावरच्या ‘७×७’ नावाच्या अणुरचनेचं निर्वातातलं गाजलेलं चित्र त्यानंतरचं, १९९५चं.

कंपनं दबतात, हे मात्र खरं. क्यू म्हणजे कंपनं किती टिकून राहतात याचं माप. हवेत काहीशे असलेला क्यू पाण्यात एक आकडी होतो, मोजमापातला उष्णतेचा गोंगाट वाढतो. पण क्यू कमी असला की कॅन्टिलिव्हर बदलाला लगेच प्रतिसाद देतो, म्हणजे वेगाने चित्रं घेता येतात. कानाझावातल्या तोशिओ आंदो यांच्या गटाने २०१० साली ॲक्टिन या प्रथिनाच्या धाग्यावर चालणारा मायोसिन-५ हा प्रथिनाचा रेणू टिपला, तो द्रवात, अगदी छोट्या कॅन्टिलिव्हरने.

मग चित्र बिघडतं कशाने? माझ्या मते दोष बहुतेक वेळा दोन जागी असतो. पीझोने, म्हणजे विजेने हलणाऱ्या स्फटिकाने, कॅन्टिलिव्हर हलवला की धारक आणि द्रवही हलतात. वारंवारतेच्या आलेखात शिखरांची गर्दी होते आणि त्यातलं भलतंच शिखर निवडलं जातं. आधी उष्णतेमुळे होणाऱ्या कंपनांचा आलेख घ्या, खरा अनुनाद, म्हणजे कॅन्टिलिव्हरची स्वतःची वारंवारता, त्यात दिसतो. लेझरने कॅन्टिलिव्हर तापवून हलवण्याची सोय असेल तर ही गर्दी जवळजवळ नाहीशीच होते.

दुसरी जागा क्षारांची, आणि तिच्याकडे फारच दुर्लक्ष होतं. टोक आणि पृष्ठभाग दोन्ही ऋणभारित असतील तर त्यांच्यातलं प्रतिकर्षण १ मिलिमोलर मिठाच्या द्रावणात सुमारे १० नॅनोमीटरच्या टप्प्यात पसरतं. टोक वरच तरंगतं, बारकावे पुसले जातात. मीठ १०० मिलिमोलर केलं की हाच टप्पा १ नॅनोमीटरवर येतो. मीठ फारच वाढवलं तर टोक चिकटू लागतं, तेव्हा बलाचा वक्र, म्हणजे टोक पृष्ठभागाजवळ जाताना बल कसं बदलतं त्याचा आलेख, पाहत पाहतच ते वाढवावं.

राहिलं सुकवणं. हवेत पृष्ठभागावर पाण्याचा पातळ थर असतोच. टोकाशी त्याचा पूल बनतो आणि तो टोक खाली ओढतो. पूर्ण पाण्यात बुडवलं की हा पूलच उरत नाही. मऊ नमुन्याला त्यामुळे हवेपेक्षा पाण्यातच कमी इजा होते.