आमच्या व्यसनमुक्ती केंद्रावरच्या एक-स्टार अभिप्रायाला उत्तर

नमस्कार ताई,

४५ दिवस ठेवून घेतलं, एवढे पैसे घेतले आणि नवरा महिन्याच्या आत पुन्हा प्यायला. उचलून न्यायला गाडी पाठवा म्हटलं तर तेही नाकारलं, असं तुम्ही लिहिलं आहे. आमच्याकडे कोण दाखल होतं हे चारचौघांत सांगायला कायद्याची मनाई आहे, म्हणून तुमच्या घरच्यांबद्दल इथे बोलत नाही. पण तुमच्यासारख्या कितीतरी घरांचा हा प्रश्न आहे, त्याचं उत्तर देतो.

रोज पिणाऱ्याची दारू एकदम थांबली की पहिल्या काही दिवसांत फिट येऊ शकते, भास होऊ शकतात, जीवही जाऊ शकतो. तो काळ डॉक्टरांच्या देखरेखीखाली पार पडतो. मग अंगात ताकद येते, माणूस बोलू लागतो. पण पगाराचा दिवस, जुने मित्र, घरातला वाद हे सगळं घरी गेल्यावरच समोर येतं. खरी परीक्षा पुढच्या वर्षभराची असते. अमेरिकेतल्या ‘प्रोजेक्ट मॅच’ या मोठ्या अभ्यासात (१९९७) निवासी किंवा दिवसभराच्या उपचारांनंतर पाठपुरावाही घेतलेल्यांपैकी सुमारे ३५ टक्के लोक वर्षभर एक थेंबही प्यायले नाहीत. बाकीच्यांचेही पिण्याचे दिवस पूर्वीपेक्षा पुष्कळ कमी झाले. म्हणून आम्ही कुणालाही हमी देत नाही. शंभर टक्के हमी देणाऱ्यांपासून कृपया लांब राहा.

आणि एक कळकळीची विनंती. ‘न सांगता चहातून द्या’ म्हणून मिळणारी औषधं देऊ नका. त्यात डायसल्फिराम (दारू प्यायल्यास त्रास होतो, म्हणून दारूपासून लांब ठेवणारी गोळी) असेल आणि वर दारू पोटात गेली, तर रक्तदाब कोसळून माणूस दगावू शकतो. ही गोळी त्याला सांगून, डॉक्टरांच्या सल्ल्यानेच द्यायची असते. तलफ कमी करणारी नाल्ट्रेक्सोन, अकॅम्प्रोसेट ही औषधंही आहेत. ती सुरू करता येतील का, हे डॉक्टर तपासून सांगतील.

गाडीचं म्हणाल तर, स्वतःचा निर्णय घेऊ शकणाऱ्या प्रौढ माणसाला मनाविरुद्ध दाखल करायला २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा परवानगी देत नाही. कायदा नसता तरी आम्ही ते केलं नसतं. हातपाय बांधून आणलेला माणूस समुपदेशकाशी मोकळेपणाने बोलत नाही.

पुन्हा प्यायला म्हणजे आधीचं सगळं वाया गेलं, असं मानू नका. जितक्या लवकर परत याल तितकं सावरणं सोपं. ते तयार नसतील तर आधी तुम्ही एकट्या या. कुटुंबीयांच्या समुपदेशनाचे आणि पाठपुराव्याचे आम्ही पैसे घेत नाही. मात्र दारू अचानक बंद केली असेल आणि थरथर, फिट किंवा भास सुरू झाले, तर आमची वाट न पाहता थेट जवळच्या रुग्णालयात न्या.

— केंद्र संचालक